असतीं आपुलीं तणारें: मित्राच्या कवितेचा मत्सर आणि स्वतःचा न दिसणारा गुण

परभणी जिल्ह्यातल्या एका तरुणानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय सत्तावीस, सेलूजवळ एका कृषी सेवा केंद्रात नोकरी. कॉलेजात याच्याच बाकावर बसून कविता लिहिणाऱ्या मित्राचा संग्रह आला, त्याला पुरस्कार मिळाला, आता तो पुण्यात असतो. “सर, त्याचं पुस्तक वाचल्यापासून मला लिहिता येईना. माझ्या जुन्या कविता काढून बघितल्या तर सगळ्या खेडवळ आणि फालतू वाटल्या. दोन वह्या फाडून टाकल्या. विहिरीवरची मोटर चालू असावी, आवाज येत राहावा आणि पाणी वर येऊ नये, तसं झालंय. त्याचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही, पण त्याचं चांगलं झालेलं बघवतही नाही. हा मत्सर घालवायचा कसा?”

वयानं तू माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरांएवढा आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. अंबाजोगाईत तीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं दर रविवारी पोरापोरींच्या कवितांच्या वह्या वाचल्या. त्या जोरावर हे उत्तर.

आधी एक काम कर. उरलेल्या वह्या उद्याच्या उद्या आईकडं नेऊन दे आणि सांग, मी मागितल्या तरी दिवाळीपर्यंत देऊ नको. मत्सर अंगात असताना माणसानं स्वतःच्या लिखाणाचा निकाल लावू नये. त्या वेळी हातात तराजू असतो, पण वजनं दुसऱ्याची असतात.

आता शब्द नीट लावू, कारण तू ‘मत्सर’ म्हणालास आणि मला तो पुरता मत्सर वाटत नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मत्सराचा अर्थ दिलाय ‘अन्यशुभद्वेष’, म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्याचा द्वेष. आपल्या भागात जुन्या माणसांकडं यासाठी दोन वेगळे शब्द होते. निजामाच्या राज्यात माझे वडील उर्दूतून शिकले. ते म्हणायचे, एक असतो रश्क आणि दुसरा हसद. रश्क म्हणजे त्याच्याकडं आहे तसं माझ्याकडंही असावं. हसद म्हणजे माझ्याकडं नसलं तरी चालेल, पण त्याच्याकडं नको. मराठीत ‘मला तुझा हेवा वाटतो’ असं आपण तोंडावर आणि प्रेमानं म्हणू शकतो, ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असं कुणी म्हणत नाही. तू हेवा आणि मत्सर यांच्या बांधावर उभा आहेस. बांधावरून माघारी फिरता येतं.

पण मला जास्त काळजी तिसऱ्या शब्दाची आहे. अमरकोशातच असूयेचा अर्थ आहे ‘दोषारोपो गुणेष्वपि’, गुणांवरसुद्धा दोष चढवणं. आपण समजतो की असूया फक्त दुसऱ्याच्या गुणांना दोष म्हणते. ‘त्याची कविता शहरी झाली’, ‘त्याची ओळखपाळख आहे’ वगैरे. ते होतंच. पण वह्या वाचता वाचता माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की तीच असूया काही दिवसांनी घरी परत येते आणि आपल्या स्वतःच्या गुणांवर दोष चढवायला लागते. तुझा शब्द बघ: ‘खेडवळ’. तुझ्या कवितेत वावर आहे, आई आहे, मोटर आहे. पुस्तक वाचायच्या आधी ते सगळं तुझ्या कवितेचं बळ होतं. पुस्तक वाचल्यावर तेच तुला व्यंग दिसायला लागलं. कविता तीच, अक्षर तेच. माप बदललं.

हे का होतं, ते तू कृषी सेवा केंद्रात बसतोस म्हणून तुला लगेच कळेल. जुलै महिन्यात बांधावर उभं राहून शेजारच्या कपाशीकडं बघ. तिरपी नजर पडते, त्यामुळं ओळीमागं ओळ झाकली जाते आणि सगळं वावर भरगच्च हिरवं दिसतं. मग आपल्या वावरात शिर. आता तू तासातून, म्हणजे दोन ओळींमधून, चालतोयस, नजर सरळ खाली आहे, एकूण एक नांगा, म्हणजे रोपाविना रिकामी राहिलेली जागा, दिसतो. इथं बी उगवलं नाही, इथं वाणी किड्यानं खाल्लं, इथं पाणी साचलं. शेजाऱ्याच्या वावरात नांगे नाहीत असं नाही. पण ते त्याला दिसतात, तुला नाही. मित्राचं छापलेलं पुस्तक तू बांधावरून बघतोस आणि स्वतःची वही तासातून चालत बघतोस. त्याच्याही घरी खाडाखोड केलेल्या वह्या असणार. त्या तू बघितल्या आहेस का?

ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात एक ओवी आहे. मी ती दरवर्षी फळ्यावर लिहायचो.

लोकांचीं धवळारें । देखोनियां मनोहरें ।
असतीं आपुलीं तणारें । मोडावीं केवीं ॥

धवळार म्हणजे चुन्यानं पांढरं केलेलं मोठं घर, तणार म्हणजे गवताचं खोपटं. लोकांचे सुंदर वाडे बघून आपली असलेली खोपटी का मोडावीत? संदर्भ स्वधर्माचा आहे, ते ठाऊक आहे. पण आपेगावात, गोदावरीच्या काठी, जन्मलेल्या या माणसानं मत्सराची चाल किती बारकाईनं टिपलीय बघ. वाडा बघून माणूस वाडा बांधायला निघाला असता तर ज्ञानदेवांना हरकत नसती. तसं होत नाही. वाडा बघून माणूस पहिल्यांदा खोपटं मोडतो. आणि ‘असतीं’ हा शब्द सोडू नको. जी आहेत ती, डोक्यावर सावली धरून उभी असलेली. तू वह्या फाडल्यास त्या दिवशी नवी एकही कविता लिहिली नाहीस.

एका मुलाची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. आईबाप ऊसतोडीला जायचे, बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातलं घर. नवराबायको मिळून एक कोयता, दिवाळीच्या आसपास उचल घेऊन टोळीबरोबर निघायचं ते पाडव्याच्या सुमाराला परत. लहानपणी हा त्यांच्याबरोबर फडावर, कोपीत म्हणजे झोपडीत राहिलेला. पहिल्या वर्षी त्यानं मला दाखवलेली कविता मला आजही तोंडपाठ आहे:

आई मोळीवर गुडघा रोवते
वाढ्याला पीळ देते
आणि गाठ बसेपर्यंत
श्वास घेत नाही

चार ओळी. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, त्यालाच पीळ देऊन मोळी बांधतात. मी वही मिटून थोडा वेळ गप्प बसलो. ‘गाठ बसेपर्यंत श्वास घेत नाही’ हे टेबलाशी बसून सुचत नाही. त्यासाठी पहाटे चार वाजता, थंडीत, पाचटावर बसून त्या बाईकडं बघितलेलं असावं लागतं.

दुसऱ्या वर्षी वर्गात एक नवा मुलगा आला. वाचन दांडगं, शब्द ओघवते, आवाज सुरेल. स्नेहसंमेलनात त्यानं कविता म्हटली आणि सभागृहानं डोक्यावर घेतलं. पुढच्या रविवारी माझ्या या मुलाच्या वहीत काय आलं? ‘तमाच्या कुशीत तेजाचे गीत, वेदनेच्या वेलीला फूल’. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, “सर, मोळीबिळी आता नको. ते तर आमच्या घरात रोजचंच आहे.”

इथंच सगळं येऊन थांबतं. आपला गुण आपल्याला न दिसण्याचं कारण हेच, की तो आपल्याला रोजचा असतो. जे कष्टानं येतं त्याची किंमत आपण करतो, आणि जे बघता बघता येतं ते फुकटचं समजतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी म्हण आपण विसराळू माणसाला उद्देशून वापरतो. मला ती तशी वाटत नाही. रोज काखेत कळसा धरून विहिरीवर जाणाऱ्या बाईला त्याचं वजन जाणवेनासं होतं, म्हणून तो सापडत नाही.

त्या मुलाला मी समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. उपदेशानं मत्सर हलत नाही. मग दुसरं केलं. त्याच्या दोन्ही कविता, मोळीची आणि वेलीची, कुणाची ते न सांगता कॉलेजच्या कँटीनमधल्या मावशींना वाचून दाखवल्या. तो शेजारीच उभा होता. वेलीची कविता ऐकून मावशी म्हणाल्या, “चांगलीये.” मोळीची ऐकल्यावर त्यांनी हातातला चहाचा गाळणा खाली ठेवला आणि विचारलं, “कुणाची माय हो ही?” तो काही बोलला नाही. पण पुढच्या रविवारी वहीत ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आला होता.

आता माझं. ऐंशीच्या दशकात मी तुझ्यापेक्षा थोडा मोठा असेन. कविसंमेलनात बरोबरचा एक कवी तरन्नुममध्ये, म्हणजे सुरात गाऊन, गझल म्हणायचा आणि लोक ‘फिरसे’ म्हणून ओरडायचे. मराठवाड्याच्या गावांत तेव्हा मुशायऱ्याचा कान असलेली पिढी बसलेली असायची, दाद कशी द्यायची ते त्यांना माहीत होतं. मला ती दाद हवी होती. मी नऊ वर्षं गझल लिहिली. लघु-गुरूंची लगावली मोजली, काफिया-रदीफ म्हणजे यमक-अंत्ययमक चोख सांभाळले, एकही शेर वृत्तात चुकला नाही आणि एकही शेर जिवंत झाला नाही. त्याच नऊ वर्षांत विद्यार्थी वह्या घेऊन व्हरांड्यात येत होते. कविता कुठं श्वास घेते आणि कुठं गुदमरते, ते मला वाचता वाचता कळायचं. त्याला टाळ्या नव्हत्या, म्हणून मला ते फावल्या वेळचं काम वाटलं. वह्या चाळायचो, डोक्यात काफिये. त्या काळात एका मुलीनं दोन ओळी दाखवल्या होत्या:

तांदळात खडा सापडला की माय हसते,
या घरात तेवढंच तिचं खरं ठरतं

मी “छान, लिहीत राहा” म्हणालो आणि वही परत दिली. तिला थांबवून, बसवून, या दोन ओळींत काय आहे ते सांगायला हवं होतं. पुढं तिनं लिहिणं सोडलं. माझ्या मत्सराची किंमत तिनं भरली, असं मला आजही वाटतं. म्हणून तुला इतकं लांबलचक लिहितोय.

मराठवाड्यातल्या आपल्या माणसाला याची आणखी एक बाजू सोसावी लागते, आणि तीही सांगितली पाहिजे. ‘पुण्याचं ते शुद्ध’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. तुझ्या मत्सरात मित्र किती आणि पुणं किती, ते जरा चाळून बघ. भाषेच्या बाबतीत हा खेळ जुना आहे. १७०० च्या सुमाराला औरंगाबादचा शायर वली दिल्लीला गेला. दिल्लीतले कवी तेव्हा फारसीत लिहिण्यात धन्यता मानत. घरात, बाजारात बोलायची जबान त्यांना शायरीच्या लायकीची वाटत नव्हती. वलीनं त्याच बोलीच्या दख्खनी रूपात रचलेल्या गझला तिथं पोचल्या आणि दिल्लीवाल्यांना आपल्याच तोंडातली भाषा पहिल्यांदा ऐकू आली. पुढं उर्दू गझल उभी राहिली ती त्या वाटेनं. फारसीचं मोठेपण खोटं नव्हतं. पण तिच्याकडं बघता बघता त्यांना स्वतःची जबान दिसेनाशी झाली होती, आणि ती दाखवायला आपल्या गावचा माणूस जावा लागला.

मात्र एक फरक कर. पुस्तकं वेळेवर मिळाली नाहीत, प्रकाशकाचा दरवाजा कुठं आहे तेच माहीत नव्हतं, तालुक्याच्या गावी वाचनालय धड नव्हतं, याची चीड येत असेल तर ती मत्सर नव्हे. ती चीड ठेव. तिच्यातूनही कविता येते.

जनाबाईंचं उदाहरण मला नेहमी आठवतं. गंगाखेडची पोर, नामदेवांच्या घरी दासी. त्या घरात सगळेच अभंग रचणारे आणि मधोमध साक्षात नामदेव. हेवा वाटायला याहून सोयीची जागा दुसरी नसेल. जनाबाईंनी काय केलं? स्वतःची ओळख ‘नामयाची दासी’ अशीच दिली, पण अभंगात आणलं ते स्वतःचं काम. ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’. ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी’. जातं, उखळ, केरसुणी. नामदेवांच्या कीर्तनाचं वाळवंट मागून घेतलं नाही. देवालाच जात्यापाशी आणून बसवलं.

आणि नामदेवांचीही गोष्ट आहेच. संतमंडळी तेरला गोरोबाकाकांकडं जमली असताना मुक्ताबाईंनी थापटण्याकडं बोट दाखवून विचारलं, हे काय. गोरोबा म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमची परीक्षा करा, म्हणाल्या. एकेकाच्या डोक्यावर थापटणं बसत गेलं, सगळे गप्प राहिले, नामदेव मात्र चिडले, आणि गोरोबांनी सांगितलं, हे मडकं कच्चं. परंपरा सांगते की दुखावलेले नामदेव शेवटी औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले. मला या गोष्टीत आवडतं ते थापटणं. कुंभार एक मडकं दुसऱ्या मडक्याशेजारी ठेवून पारखत नाही. प्रत्येकाला वेगळी थाप देतो आणि त्याचाच आवाज ऐकतो. कच्चं म्हणजे वाईट नव्हे, आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जायचं राहिलेलं. त्याच नामदेवांची एकसष्ट पदं आज गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

तर आता काय करायचं. मित्राचं पुस्तक उघड आणि त्यातली तुला सगळ्यात जास्त टोचणारी कविता हातानं उतरवून काढ, दोनदा. टाइप करू नको. हातानं उतरवताना शब्द त्यानं का निवडला ते मनगटाला कळतं, आणि मत्सराची जागा हळूहळू वाचन घेतं. मग स्वतःला विचार, मला नेमकं काय हवंय? ती ओळ, की तो सत्काराचा फोटो? पसायदानात ‘जो जे वांछील तो ते लाहो’ म्हटलंय. वांछणारा प्रत्येक जण आपापलं वांछतो, शेजाऱ्याचं नाही. आणि त्याच्या आधीची ओळ ‘विश्व स्वधर्म सूर्ये पाहो’ अशी आहे. आधी आपल्या उजेडात बघणं, मग मागणं. माझ्याकडं आलेल्या दहातल्या सात-आठ पोरांना शाल-श्रीफळच हवं होतं, ओळ नको होती. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण एकदा कळलं की कविता त्या ओझ्यातून सुटते. ओळ हवी असेल तर उत्तमच. मग तो तुझा मित्र न राहता तुझा शिक्षक होतो.

आणि त्याला फोन कर. पुस्तक आवडलं असेल तर कुठली कविता आवडली ते पान सांगून कळव. मोघम ‘अभिनंदन’ नको. भरतमुनींनी असूयेला तेहतीस संचारी भावांत बसवलंय, स्थायी भावांत नाही. ती येते आणि जाते, तिला खुर्ची दिली नाही तर. खुर्ची मिळते ती न बोलल्यामुळं.

आता शेवटचं, आणि यासाठीच मी तुझं पत्र तीनदा वाचलं. तू लिहिलंस, ‘विहिरीवरची मोटर चालू असावी, आवाज येत राहावा आणि पाणी वर येऊ नये’. हे तू जाता जाता लिहून गेलास आणि पुढं मत्सराकडं वळलास. मी माघारी आलो. मोटर चालू आहे, विहिरीत पाणी आहे, तरी वर येत नाही, म्हणजे बहुतेक फूटव्हॉल्व्ह गळतोय आणि पाइपात हवा धरलीय. आमच्या वावरात असं झालं की मोटर बंद करून वरून बादलीनं पाणी ओतायचं, पाइप भरला की मग पुन्हा चालू. ती बादली वडील आणायचे, पायऱ्या उतरून, विहिरीतूनच भरून.

तुमच्या विहिरीवर ती बादली कोण ओततं? किती वाजता, लाइट कधी असते, बादली कशाची, ओतताना ते माणूस काही बोलतं का? फक्त एवढं लिही. पुण्याचा एकही शब्द घालू नको, माझाही नको. आणि लिहून झालं की आधी ओतणाऱ्यालाच वाचून दाखव, मला नंतर पाठव.